एका द्राक्षमळ्याची परीक्षा

उत्तम वाइन कशी ओळखावी? एकाच मळ्याच्या अनेक वर्षांच्या वाइन शेजारी मांडून चाखणे, ही त्यासाठीची सर्वांत कठोर कसोटी मानली जाते. फ्रान्समधील 'शातो दिकेम' या मळ्याच्या निमित्ताने या परीक्षणाची पद्धत, तिचे निकष आणि तिच्या मर्यादा यांचा हा परिचय.

डिसेंबर २०१२ मध्ये 'शातो दिकेम'ने एक घोषणा केली. त्या वर्षीच्या द्राक्षांची वाइन 'दिकेम' या नावाने बाजारात येणार नाही, असे मळ्याचे प्रमुख पिएर ल्युर्तों यांनी जाहीर केले. तोडणीच्या काळात झालेल्या पावसाने द्राक्षांचा दर्जा खालावला होता आणि त्यांच्यापासून होणारी वाइन नावाला साजेशी ठरणार नव्हती. मळ्याच्या इतिहासात हा निर्णय नवा नव्हता. १९१०, १९१५, १९३०, १९५१, १९५२, १९६४, १९७२, १९७४ आणि १९९२ या वर्षांची दिकेमही कधी बाजारात आली नाही. विसाव्या शतकात असे नऊ वेळा घडले.

जगातील सर्वांत महागड्या गोड वाइनमध्ये जिची गणना होते, तिचे संपूर्ण वर्षाचे उत्पन्न सोडून देणे ही साधी गोष्ट नव्हे. ग्राहकाच्या पेल्यात वाइन पोहोचण्याआधी तिची पहिली परीक्षा मळ्यातच होते आणि त्या परीक्षेत ती नापासही होऊ शकते, हे या निर्णयातून स्पष्ट होते. वाइनच्या मूल्यमापनाचा विचार येथूनच सुरू करावा लागतो.

उभी चाचणी, आडवी चाचणी

वाइनच्या तौलनिक परीक्षणाचे दोन प्रमुख प्रकार आहेत. एकाच वर्षाच्या, पण निरनिराळ्या मळ्यांच्या वाइन एकत्र चाखल्या जातात, तेव्हा त्याला आडवी चाचणी म्हणतात. एकाच मळ्याच्या निरनिराळ्या वर्षांच्या वाइन ओळीने चाखल्या जातात, तेव्हा ती उभी चाचणी ठरते.

आडव्या चाचणीत कोणता मळा सरस, हे कळते. उभ्या चाचणीत जमीन तीच, वेली बहुतांशी त्याच आणि वाइन करण्याची रीतही बरीचशी तीच राहते. बदलते ते हवामान आणि बाटलीत गेलेला काळ. त्यामुळे वाइनमधील कोणता गुण जमिनीचा, कोणता त्या वर्षाच्या पाऊसपाण्याचा आणि कोणता वयाचा, हे वेगळे काढता येते. चांगल्या वर्षी चांगली वाइन अनेकांना करता येते. अवघड वर्षी मळ्याने काय केले, हे उभ्या चाचणीत लपत नाही. अर्थात, अशा चाचणीसाठी अनेक वर्षांच्या बाटल्या नीट जपून ठेवलेल्या असाव्या लागतात आणि त्या वाइनमध्ये टिकण्याची ताकद असावी लागते. दिकेममध्ये ती ताकद आहे. चांगल्या वर्षाची दिकेम शंभर वर्षांनंतरही पिण्याजोगी राहू शकते.

धुके आणि बुरशी

दिकेमचा मळा बोर्दो शहराच्या आग्नेयेला सुमारे चाळीस किलोमीटरवर, सोतेर्न या गावाजवळच्या टेकडीवर आहे. लागवडीखालील क्षेत्र सुमारे १०० हेक्टर, म्हणजे अडीचशे एकरांच्या आसपास आहे. वरच्या थरात गोटे आणि वाळू, त्याखाली चिकणमाती अशी येथील जमिनीची रचना आहे. पाण्याचा निचरा व्हावा म्हणून एकोणिसाव्या शतकापासून जमिनीखाली मातीच्या नळ्या घालण्यात आल्या. त्यांची एकूण लांबी सुमारे शंभर किलोमीटर भरते. द्राक्षाच्या जाती दोन : सेमियों आणि सोव्हिन्यों ब्लाँ. त्यांपैकी सेमियोंचे प्रमाण तीन चतुर्थांशांहून अधिक असते.

या परिसरातून वाहणाऱ्या सिरों या लहान नदीचे पाणी थंड असते आणि ती ज्या गारोन नदीला मिळते तिचे पाणी तुलनेने उबदार असते. शरद ऋतूत या दोन प्रवाहांमुळे पहाटे दाट धुके पडते आणि दुपारी ऊन पडून द्राक्षे पुन्हा कोरडी होतात. हे हवामान 'बोट्रायटिस सिनेरिया' या बुरशीला मानवते. नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला भुरी आणि डावणी ही नावे ऐकताच धास्ती वाटते; सोतेर्नचा शेतकरी मात्र या बुरशीची वाट पाहत असतो. ती मण्याच्या सालीला सूक्ष्म छिद्रे पाडते, आतले पाणी उडून जाते आणि साखर, आम्ल व स्वादद्रव्ये यांचा अर्क तेवढा उरतो. फ्रेंच भाषेत या प्रक्रियेला 'उदात्त कूज' अशा अर्थाचे नाव आहे.

पाऊस लांबला तर हीच बुरशी घातक ठरते. मणी सडतात, आंबूस वास येतो आणि घड फेकून द्यावे लागतात. अंगावर आलेले संकट आणि हाती आलेले वरदान यांत येथे फक्त काही दिवसांच्या उन्हाचा फरक असतो. २०१२ मध्ये नेमके हेच ऊन कमी पडले.

वेलीमागे एक ग्लास

सगळ्या मण्यांवर बुरशी एकाच वेळी चढत नाही. त्यामुळे तोडणी एकदाच करून भागत नाही. मजूर त्याच ओळींमधून पुनःपुन्हा फिरतात आणि दर वेळी पुरते सुकलेले मणीच वेचतात. साधारणपणे अशा पाच-सहा फेऱ्या होतात, अवघड वर्षी त्याहूनही अधिक. तोडणी कित्येक आठवडे चालते. उत्पादन हेक्टरी आठ-नऊ हेक्टोलिटरच्या आसपास राहते. बोर्दोमधील लाल वाइनच्या मळ्यांत ते याच्या चार-पाच पट असते. 'एका वेलीमागे एक ग्लास' असे दिकेमबद्दल म्हटले जाते, ते यामुळेच.

प्रत्येक दिवसाच्या तोडणीचा रस वेगळा ठेवून ओकच्या नव्या पिंपांत आंबवला जातो. मद्यार्काचे प्रमाण साडेतेरा ते चौदा टक्क्यांपर्यंत पोहोचल्यावर आंबण्याची क्रिया मंदावून थांबते आणि लिटरमागे १२० ते १५० ग्रॅम साखर शिल्लक राहते. पूर्वी वाइन पिंपात तीन वर्षांहून अधिक काळ ठेवली जाई; अलीकडे हा अवधी कमी करण्यात आला आहे. या काळात पिंपांमधील वाइन पुनःपुन्हा चाखली जाते. जी पिंपे उतरत नाहीत ती बाजूला काढली जातात आणि त्यांतील वाइन दिकेमच्या नावाने विकली जात नाही. बरे वर्ष असले तरी सगळीच पिंपे स्वीकारली जातात असे नाही.

दोनशे वर्षांचा लौकिक

१५९३ मध्ये जाक सोव्हाज यांना या जमिनीचे हक्क मिळाले. १७८५ मध्ये त्यांच्या घराण्यातील फ्रान्स्वाझ जोझेफीन यांचा विवाह काउंट ल्युर-सालुस यांच्याशी झाला. तीनच वर्षांत त्यांना वैधव्य आले. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत तुरुंगवास सोसूनही त्यांनी मळा राखला आणि पुढे अनेक दशके त्याचा कारभार पाहिला. १७८७ मध्ये थॉमस जेफरसन यांनी १७८४ सालच्या वाइनच्या २५० बाटल्या मागवल्या. पुढे अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्यासाठीही त्यांनी येथूनच वाइन मागवली.

१८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी बोर्दोच्या वाइनची प्रतवारी करण्यात आली, तेव्हा दिकेमला सर्वांहून वरची स्वतंत्र श्रेणी मिळाली. त्या यादीत असा मान मिळालेला हा एकमेव मळा होता. १९९९ मध्ये ल्युर-सालुस घराण्याकडून मळ्याचे नियंत्रण एलव्हीएमएच या उद्योगसमूहाकडे गेले. १८११, १८४७, १९२१, १९३७, १९६७ आणि २००१ ही दिकेमची विशेष गाजलेली वर्षे. १८११ च्या एका बाटलीला २०११ मध्ये लंडनमध्ये ७५ हजार पौंड मोजण्यात आले.

चाचणीची पद्धत

परीक्षणासाठी वरच्या बाजूला निमुळता होत जाणारा, रंगहीन काचेचा ग्लास वापरतात. १९७७ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने अशा ग्लासचे प्रमाण ठरवून दिले. त्याची क्षमता सुमारे २१५ मिलिलिटर असते आणि त्यात सुमारे ५० मिलिलिटरच वाइन ओततात, म्हणजे उरलेल्या जागेत गंध साठतो. गोड वाइन थंड चाखतात, पण फार गार नव्हे. अति गारव्याने गंध दबतो आणि उबेने गोडी अंगावर येते. दहा ते चौदा अंश सेल्सिअस हे तापमान योग्य समजले जाते.

बाटली उघडण्यापूर्वीच परीक्षण सुरू होते. जुन्या बाटलीतील वाइनची पातळी गळ्यापर्यंत आहे की खांद्याखाली उतरली आहे, हे पाहावे. पातळी फार उतरली असेल तर बूच सुकून आत हवा शिरल्याची शक्यता असते. बुचाला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येत असेल तर दोष बुचाचा समजावा, मळ्याचा नव्हे.

पहिली पायरी रंगाची. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरावा. तरुण दिकेम फिकट सोनेरी असते. दशके उलटतात तसा रंग गडद सोनेरी, मग मधासारखा आणि अखेर महोगनी लाकडाच्या छटेकडे झुकतो. मात्र तिची चकाकी टिकली पाहिजे. काळवंडलेली, गढूळ वाइन संशय निर्माण करते.

दुसरी पायरी गंधाची. प्रथम ग्लास न हलवता वास घ्यावा आणि नंतर हलकेच फिरवून पुन्हा घ्यावा. तरुण वाइनमध्ये जर्दाळू, संत्र्याची साल, मध आणि पिंपाच्या लाकडाचा व्हॅनिलासारखा गंध येतो. वय वाढल्यावर केशर, सुके अंजीर, मुरलेला मुरांबा आणि जळकी साखर यांची आठवण होते. मुरलेल्या सोतेर्नच्या गंधात 'सोटोलॉन' नावाच्या संयुगाचा वाटा मोठा असतो. मेथीदाण्याचा वास येतो तोही याच संयुगामुळे. त्यामुळे मराठी स्वयंपाकघरात वावरलेल्या नाकाला हा गंध अगदीच परका नाही.

तिसरी पायरी चवीची. लहान घोट घेऊन तो तोंडभर फिरवावा आणि किंचित हवा आत ओढावी. गोडी, आंबटपणा, किंचित कडवटपणा आणि मद्यार्काची ऊब यांचा तोल येथे तपासला जातो. गोड वाइनचा खरा कस तिच्या आम्लात असतो. आम्ल कमी असेल तर वाइन पाकासारखी चिकट लागते. आम्ल पुरेसे असेल तर इतकी साखर असूनही तोंड ताजे राहते.

चौथी पायरी घोटानंतरची. वाइन गिळल्यावर किंवा थुंकल्यावर तिचा स्वाद किती काळ रेंगाळतो, हे सेकंदांत मोजतात. सामान्य वाइनचा स्वाद काही सेकंदांत विरतो. उत्तम दिकेमचा बराच काळ जाणवत राहतो. व्यावसायिक परीक्षक प्रत्येक घोट थुंकतात. तो पाहुणचाराचा अपमान मानला जात नाही. शुद्ध सांभाळून शेवटच्या ग्लासलाही पहिल्याइतकाच न्याय देण्यासाठी ते आवश्यक असते. दोन वाइनच्या मध्ये साधे पाणी आणि पाव घेतात. गोडीने जीभ लवकर थकते, म्हणून एका बैठकीत मोजक्याच वाइन ठेवणे श्रेयस्कर.

गुण कसे देतात

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी १९५० च्या दशकात २० गुणांची पद्धत तयार केली. तीत रंग, गंध, आम्ल, गोडी इत्यादींना वेगवेगळे गुण असत आणि तिचा मुख्य हेतू वाइनमधील दोष शोधण्याचा होता. १९७८ मध्ये अमेरिकी समीक्षक रॉबर्ट पार्कर यांनी आपले वार्तापत्र सुरू केले आणि १०० गुणांची पद्धत लोकप्रिय केली. शाळेच्या गुणपत्रिकेसारखी असल्याने ती ग्राहकांना चटकन कळली आणि बाजारातील किमतीही त्या आकड्यांवर हलू लागल्या. १८११ आणि २००१ या दोन्ही वर्षांच्या दिकेमला पार्कर यांनी शंभरपैकी शंभर गुण दिले.

परंतु आकडा हा परीक्षणाचा सारांश असतो, संपूर्ण परीक्षण नव्हे. दहा वर्षांच्या दिकेमला मिळालेले ९५ गुण आणि साठ वर्षांच्या दिकेमला मिळालेले ९५ गुण यांचा अर्थ सारखा नसतो. पहिलीत पुढील काळाची शक्यता मोजलेली असते, तर दुसरीत प्रत्यक्ष सिद्धी. म्हणून अनुभवी परीक्षक गुणांबरोबर वाइन वयाच्या कोणत्या टप्प्यावर आहे आणि आणखी किती काळ टिकेल, हेही नोंदवून ठेवतात.

जिभेची मर्यादा

परीक्षक कितीही मुरलेला असला तरी त्याला डोळे आणि अपेक्षा फसवू शकतात. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला जिल मोरो, फ्रेदेरिक ब्रोशे आणि दनी द्युबुर्दिय यांचा प्रयोग या बाबतीत नेहमी सांगितला जातो. बोर्दो विद्यापीठात वाइनशास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना गंधहीन रंग घालून लाल केलेली पांढरी वाइन देण्यात आली. त्यांनी तिचे वर्णन लाल वाइनसाठी वापरल्या जाणाऱ्या शब्दांत केले. विशेष म्हणजे यांतील द्युबुर्दिय हे पुढे दिकेमचे सल्लागार होते.

अमेरिकेतील रॉबर्ट हॉजसन यांनी कॅलिफोर्नियाच्या राज्य मेळ्यातील परीक्षकांची पाहणी करून २००८ मध्ये निष्कर्ष मांडले. एकाच बाटलीतील वाइन परीक्षकांना न सांगता तीन वेळा देण्यात आली. तीनही वेळा जवळपास सारखेच गुण देणारे परीक्षक दहा टक्क्यांच्या आसपासच निघाले.

या प्रयोगांवरून वाइनचे परीक्षण निरर्थक ठरत नाही. ते कसे करावे, हे मात्र कळते. लेबल झाकलेले असावे, ग्लास सारखे असावेत, तीच वाइन ओळीत दुसऱ्यांदा ठेवून स्वतःलाही तपासावे आणि आपापली नोंद पूर्ण होईपर्यंत परीक्षकांनी परस्परांशी बोलू नये. उभ्या चाचणीत मळ्याचे नाव सर्वांना ठाऊक असते, तरी वर्षे झाकता येतात. गाजलेल्या वर्षाला आपोआप झुकते माप मिळू नये यासाठी ते आवश्यक असते.

जुन्या बाटल्यांचा वाद

लेबलवर विसंबण्याची किंमत किती मोठी असू शकते, याचा धडाही दिकेमच्या इतिहासाजवळच सापडतो. जर्मनीतील संग्राहक हार्डी रोडेनस्टॉक यांनी १९९८ मध्ये म्युनिक येथे आठवडाभराची उभी चाचणी भरवली आणि दिकेमची तब्बल १२५ वर्षे पाहुण्यांसमोर ठेवली. त्याआधी, १९८५ मध्ये, त्यांच्याकडून आलेली १७८७ ची 'लाफीत' ही लाल वाइन लंडनच्या लिलावात एक लाख पाच हजार पौंडांना गेली होती. तिच्यावर जेफरसन यांची आद्याक्षरे कोरलेली होती. याच कथित जेफरसन-संग्रहात दिकेमच्याही बाटल्या होत्या.

अशा बाटल्या विकत घेतलेले अमेरिकी उद्योगपती बिल कोच यांनी २००६ मध्ये न्यायालयात धाव घेतली. बाटल्यांवरील अक्षरे विजेवर चालणाऱ्या आधुनिक हत्याराने कोरलेली असल्याचा निष्कर्ष त्यांनी नेमलेल्या तज्ज्ञांनी काढला. रोडेनस्टॉक यांनी आरोप फेटाळले. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. बाटली न उघडता वाइनमधील सीझियम-१३७ हे किरणोत्सारी द्रव्य मोजण्याची चाचणीही या प्रकरणात झाली. हे द्रव्य अणुस्फोटांनंतरच वातावरणात आले, त्यामुळे ते आढळल्यास वाइन अलीकडची ठरते. ते आढळले नाही. परंतु त्यावरून वाइन अणुयुगापूर्वीची एवढेच म्हणता येते. ती अठराव्या शतकातील असल्याचे सिद्ध होत नाही.

यातून निघणारा प्रश्न परीक्षकांसाठी अवघड आहे. दोनशे वर्षांच्या अस्सल वाइनची चव कशी असते, हे नक्की सांगण्याइतक्या बाटल्या कोणीच चाखलेल्या नसतात. तुलनेला आधारच नसेल तर निष्णात जीभही दुबळी ठरते. म्हणून जुन्या बाटलीचे मोल ठरवताना चवीइतकीच तिची वाटचालही महत्त्वाची असते. ती मळ्यातून कधी निघाली, कोणाकडे राहिली, बूच कधी बदलले, याची कागदोपत्री साखळी पाहावी लागते. मळ्याच्या तळघरातून थेट आलेल्या बाटल्यांना लिलावात अधिक भाव मिळतो, त्याचे कारण हेच.

नाशिकच्या दृष्टीने

महाराष्ट्रात २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया उद्योगासाठीचे धोरण आले आणि त्यानंतर नाशिक परिसरात वाइननिर्मितीने जोर धरला. येथील हवामान सोतेर्नहून अगदी वेगळे आहे. उन्हाळ्यात खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळ छाटणी होते, तर वाइनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्चच्या कोरड्या दिवसांत होते. नाशिकमध्ये 'शेनिन ब्लाँ' जातीच्या द्राक्षांची उशिरा तोडणी करून गोड वाइन तयार केली जाते. तीत वेलीवरच अधिक पिकू दिलेल्या द्राक्षांची गोडी असते.

त्यामुळे नाशिकच्या वाइनला दिकेमची फूटपट्टी लावणे अप्रस्तुत ठरेल. घेण्याजोगी आहे ती पद्धत. आपल्या मळ्याच्या दर वर्षीच्या काही बाटल्या थंड, अंधाऱ्या जागी राखून ठेवणे, पाऊसपाण्याची आणि तोडणीची नोंद त्यांच्याशी जोडणे, दर वर्षी लेबल झाकून त्या नव्या वाइनबरोबर चाखणे आणि उतरली नाही ती वाइन मळ्याच्या मुख्य नावाने न विकणे, या गोष्टींना मोठे भांडवल लागत नाही. सातत्य मात्र लागते. ग्राहकालाही हे घरी करून पाहता येते. एकाच मळ्याची एकाच प्रकारची, पण तीन निरनिराळ्या वर्षांची वाइन आणावी, बाटल्या कागदात गुंडाळून क्रमांक द्यावेत आणि चार जणांनी आपापल्या वहीत नोंद केल्यावरच कागद काढावा. वर्ष ओळखता आले नाही तरी हरकत नाही. तीन ग्लासांमधील फरक नोंदवता आला, तर परीक्षणाची सुरुवात झाली असे समजावे.

दिकेमच्या कोणत्याही उभ्या चाचणीत २०११ नंतरचा ग्लास २०१३ चा असतो. मधल्या रिकाम्या जागेला कोणी गुण देत नाही. परंतु तिच्या दोन्ही बाजूंच्या वाइनवर ग्राहकाचा विश्वास बसतो, त्यात त्या रिकाम्या जागेचा वाटा मोठा आहे.